आज घेतली का?

दारू सोडवायला मोबाईलवरचं ॲप खरंच कामाला येतं का, हे आमच्या संस्थेला तपासायचं होतं. रोज संध्याकाळी सातला ॲप विचारतं, 'आज घेतली का?' 'नाही' दाबलं की हिरवी खूण येते, विषय संपला. 'हो' दाबलं की फोन वाजतो आणि एक बाई समजुतीचे चार शब्द बोलते. ती बाई म्हणजे मी, राजेश्वरी. साताऱ्याच्या ऑफिसात पंखा बंद करून एकदाच रेकॉर्ड केलेली.

कुंडलच्या नाथाजींनी सहा महिने रोज 'हो' दाबलं होतं. एक दिवस खंड नाही. इतरांची सुधारणा बरी होती, आणि हे एकटे सगळ्यावर पाणी फिरवत होते. अहवाल लिहिण्याआधी मी जरा घुश्श्यातच त्यांच्या घरी गेले.

नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. मिलिटरी कॅन्टीनची रम त्यांना दर महिन्याला मिळते हे मला ठाऊक होतं. बाटल्या दाखवा म्हटल्यावर त्यांनी लोखंडी ट्रंक उघडली. सहा महिन्यांचा कोटा ओळीनं लावलेला, एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं.

"मग आणता कशाला?"

"कॅन्टीनच्या लायनीत जुनी मानसं भेटत्यात. आनली न्हाई तर जायाचं कशाला?"

"आणि पीत नाही?"

"पयल्याच आठवड्यात सोडली."

माझा पाराच चढला. "काका, मग रोज 'हो' का दाबता?"

"न्हाई म्हटलं की तुमचा फोन येत न्हाई."

"अहो, ते रेकॉर्डिंग आहे."

"ठावं हाय की. रोज त्येच बोलता. पन शेवटाला 'जेवलात का' म्हनून इचारता. ह्या घरात दुसरं कोन इचारतंय?"

लिहून दिलेल्या मजकुरात 'जेवलात का' नव्हतंच. सवयीनं तोंडून निघून गेलं होतं. साताऱ्याच्या खोलीवर मलाही कोणी ते विचारत नाही.

मी फॉर्मवर 'दारू सुटली' असं लिहिलं. सगळ्या अभ्यासातला सगळ्यात चांगला निकाल. सुटलेल्या माणसाचे फोन बंद करायचे, असा नियम आहे. तोही त्यांना सांगितला.

"म्हंजे आज सातला न्हाई?"

"नाही."

त्यांनी ट्रंकेकडं पाहिलं आणि हसल्यासारखं केलं.

"मंग एक फोडू का, बाई? म्हंजे खरंखुरं 'हो' दाबता ईल."