येलव्यांच्या नाण्यांची पावती

पावत्या आणा म्हणे! पंधरा वर्षं ज्या माणसाच्या बोटांवर भरवसा ठेवून या मंडळींनी प्रदर्शनं भरवली, त्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचा ट्रे पुढे केला, तर त्याच्याकडे पावत्या मागितल्या. बुधाजी येलवे गिरगावातल्या नाणेसंग्राहक मंडळाचा जिना उतरले तेव्हा त्यांचे कान तापले होते. नाक्यावर त्यांनी कटिंग मागितला, पैसे दिले आणि चहा तसाच टाकून परळकडे चालू लागले. बसने जायचंही त्यांना सुचलं नाही.

संपात गिरणी गेली तेव्हा बुधाजी बावीस वर्षांचे होते. भुलेश्वरच्या एका गलाईच्या कारखान्यात ते लागले. गलाई म्हणजे जुनी चांदी वितळवून शुद्ध करायची. गावोगावची मोडीची चांदी पोत्यांनी यायची. तोडे, वाळे, तुटके करंडे, आणि कधी कधी कडी डकवून गळ्यात घातलेलं एखादं भलंमोठं परदेशी नाणं. एका बाजूला दोन खांब, मध्ये समुद्राच्या लाटांवर पृथ्वीचे दोन गोल. नाहीतर जाड नाकाचा स्पेनचा राजा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत, पेरूत पाडलेले हे स्पॅनिश डॉलर कापूस न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत उतरले होते. वाटेत ज्या ज्या सराफाने नाणं पारखलं, त्याने त्यावर आपला बारीक ठसा मारला होता.

पहिलं नाणं मुशीत टाकायला म्हणून उचललं, आणि बुधाजींचा हात पुढे जाईना. इतक्या जणांनी खरं म्हणून शिक्का मारलेली वस्तू आपण पाणी करून टाकायची? त्यांनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, घे, तेवढ्या चांदीचे पगारातून कापतो. आणि त्याने चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीशिवाय त्या कारखान्याच्या दारातून काही बाहेर पडायचं नाही. काम संपल्यावर कपडे झटकायचे, हातपाय पिंपावर धुवायचे, आणि ते धुतलेलं पाणीसुद्धा मालकाचं, कारण त्यात चांदीचा कण असणार. अशा ठिकाणी चौतीस वर्षं काढून बुधाजींनी एकतीस नाणी जमवली. घरात मिक्सर नाही आणि हे कुठल्या मेल्या राजाचं तोंड घरी आणतायत, असं त्यांची बायको बकुळाबाई जन्मभर म्हणाल्या. पण त्यांच्याच ट्रंकेत, त्यांच्याच लग्नाच्या शालूखाली ती नाणी राहिली.

मंडळाचा सेक्रेटरी हेरंब आठल्ये त्यांना भेटला तोही नाण्यामुळेच. एक डॉलर संशयाचा वाटला म्हणून तो भुलेश्वरला आला होता. बुधाजींनी कडेवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, खोटं आहे, ओतीव, साच्याची शिवण लागतेय. तेव्हापासून दर वर्षी प्रदर्शनाच्या सकाळी बुधाजींना बोलावणं यायचं. हॉलच्या मागच्या खोलीत बसायचं, सभासदांची नाणी एकेक करून हाताखालून घालायची, खोटं निघेल ते बाजूला काढायचं. मग एक बटाटावडा, एक चहा, एक नारळ. बाकी सगळे हेरंबला काका, साहेब, डॉक्टर. हे मात्र नुसते बुधाजी. सभासद व्हा, असं पंधरा वर्षांत कोणाच्या तोंडून निघालं नाही.

या वर्षी मुलीने, संघमित्राने, त्यांना मखमलीचा ट्रे आणून दिला. ती बँकेत आहे, शीवला राहते. म्हणाली, आबा, किती दिवस शालूखाली ठेवणार? म्हणून प्रदर्शनात मांडायला ते ट्रे घेऊन कमिटीसमोर गेले. कमिटीने नाणी पाहिली. पाहिली म्हणजे काय, भान विसरून पाहिली. एवढे सराफी ठसे असलेले डॉलर तिथे कोणाकडेच नव्हते. मग एकाने विचारलं, मूळ गाव कुठलं तुमचं? दुसऱ्याने विचारलं, परळला चाळीतच ना? आणि हेरंब घसा साफ करत बोलला.

"गैरसमज नको हं बुधाजी. पण एवढी नाणी तुमच्याकडे आली कुठून, असं कोणी विचारलं तर मंडळाने काय सांगायचं? पावत्या असतील तर आणा."

बुधाजी दुसऱ्या दिवशी एकतीस चिठ्ठ्या घेऊन गेले. तारीख, वजन, मालकाची सही. हेरंबने त्या दोन बोटांत धरून चाळल्या, जणू भिजलेले कपडे. हे कच्चे कागद झाले हो, म्हणाला. छापील बिल नाही, कारखाना कधीच बंद झाला, मालक वारला. एक करता येईल. ट्रे ठेवू, पण नाव नको. एका हितचिंतकाच्या संग्रहातून, असं लिहू. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही.

काय हा माणूस! नाणी हवीत, ती ओळखणारा अंगठाही हवा, पण त्याला जोडलेलं नाव तेवढं नको. संध्याकाळी संघमित्राने हे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आबा, त्यांना पावती नकोच आहे. येलव्यांच्या घरात चांदी चोरीशिवाय येते, हेच त्यांना पटत नाहीये. उद्या जाऊ नका." बुधाजी म्हणाले, जाणार. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी दादरला होतं आणि बोलावणं नेहमीप्रमाणे आलेलं होतं.

सकाळी आठला ते मागच्या खोलीत आपल्या जागी बसले. स्वतःचा ट्रे बंद करून पायाशी ठेवला. पहिले आले ते डॉक्टर, गिरगावातलं जुनं घराणं. आठ नाणी टेबलावर मांडून नेहमीसारखे उभे राहिले. बुधाजींनी नाण्यांना हात लावला नाही.

पावती आहे का, त्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. कसली पावती, पणजोबांची नाणी आहेत ही. बुधाजींनी मान डोलावली आणि आठही नाणी होती तशी डावीकडे सरकवली. डावी बाजू म्हणजे नापास, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मग एक निवृत्त इंजिनिअर आले, त्यांना कोणी बक्षीस दिलेली. डावीकडे. कोणी जत्रेत घेतलेली, कोणी सासऱ्याकडून मिळालेली. सगळी डावीकडे. पहिली दहा मिनिटं लोकांना गंमत वाटली. मग कोणी हसेना. आम्ही काय चोर आहोत का, असं डॉक्टर चढ्या आवाजात म्हणाले. तसं मी कुठे म्हणालो, बुधाजींनी सांगितलं, कोणी विचारलं तर मंडळाला उत्तर देता यावं एवढंच. उजवीकडचं टेबल रिकामं ते रिकामंच. त्यांच्या शब्दाशिवाय कपाटात नाणं लावायची कोणाची छाती नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांना न दाखवता लावलेलं एक खोटं निघालं होतं, आणि मंडळाची पेपरात शोभा झाली होती.

साडेदहा झाले. अकराला पाहुणे यायचे. बाहेर काचेची कपाटं भुंडी उभी होती. हेरंब घाम पुसत आत आला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. आधी रागावून पाहिलं, मग गयावया केली. शेवटी म्हणाला, बरं, तुमचा ट्रे लावतो, मधल्या कपाटात, नावानिशी. झालं समाधान? आणि खिशातून पेन काढून उभ्या उभ्या कार्ड लिहिलं.

बुधाजींनी चष्मा लावून कार्ड वाचलं. बुधाजी लक्ष्मण येलवे. आणि खाली, कंसात, गलाई कामगार.

इतरांची कार्डं खोक्यात तयार होती. डॉक्टरांच्या नावाखाली संग्राहक. इंजिनिअरांच्या नावाखालीही संग्राहक. सासऱ्याकडून आयती मिळाली त्यांच्या नावाखालीसुद्धा संग्राहक. बुधाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना उतरतानाही इतका संताप झाला नव्हता. हेरंब समजावत होता, अहो, यात कमीपणा काय, उलट कौतुक वाटेल लोकांना, एका साध्या कामगाराने बघा कसं जमवलं.

"भट्टीवर काम केलं त्याचा मला पगार मिळाला," बुधाजी म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी कार्ड परत हेरंबपुढे सरकवलं. "ही नाणी माझं काम नाही. ही मी जमवलीत. दुसरं कार्ड लिहा."

हेरंबने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग तो खाली बसला आणि त्याने दुसरं कार्ड लिहिलं, नावाखाली कंस न करता नुसतं संग्राहक. बुधाजींनी ते वाचलं. स्वतः उठून बाहेर गेले, मधल्या कपाटात ट्रे ठेवला, कार्ड सरळ केलं आणि परत येऊन जागेवर बसले. डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर फुरंगटून आले. बुधाजींनी डावीकडची आठ नाणी पुढे ओढली, एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि सगळी उजवीकडे ठेवली.

"खरी आहेत," ते म्हणाले. "आणि पावतीचं राहू द्या, डॉक्टर. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे."

डॉक्टरांनी नाणी उचलली. बुधाजींच्या नजरेला नजर मात्र त्यांना देता आली नाही.