हिरव्या पांघरुणाचा चोर

"ऐकाल तर म्हणाल म्हातारी थापा मारते," आत्याबाईंनी आधीच बजावलं, "आणि म्हणाच! माझाही विश्वास बसला नसता."

विणकाम मंडळातल्या बायांच्या सुया चालूच होत्या. बाहेर टेम्पो उभा होता. बालरुग्णालयाला जायच्या खोक्यांत सगळ्यांची पांघरुणं पडली होती, फक्त आत्याबाईंचं नव्हतं. दान आलेली हिरवी लोकर मात्र त्यांनीच घरी नेली होती.

"पांघरूण दाखवा," मंडळ चालवणाऱ्या शिंपीणबाईंनी हात पुढे केला, "नाहीतर लोकरीच्या कपाटाची किल्ली द्या."

ती किल्ली कमरेला नसली तर चालताना आपला तोल जाईल, अशी आत्याबाईंची पक्की समजूत होती. तेव्हा चोराला येणं भागच होतं.

आला तो दाराएवढा. खिडकीचे गज वाकवून घुसला, पांघरुणाला हात घातला. आत्याबाईंनी विणायची सुई त्याच्या पंजातून आरपार घालून पंजा टेबलाला खिळवला. मेल्याने टेबलासकट हात उचलून आत्याबाईंच्या जबड्यावर हाणला. दोन दात घशात!

"मग हे तोंडात आहेत ते?" कोणीतरी विचारलं.

"गिळलेले परत उगवतात का? कवळी आहे!"

आत्याबाईंनी त्याचा कान चावून तोडला आणि थुंकला. तो मांजराने पळवला. दुसरी सुई मांडीत. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत. मग घरातलं कपाटच त्याच्यावर ढकललं, तशा बरगड्या काटक्यांसारख्या कडाकड मोडल्या. तरी पांघरूण कवटाळून पळालाच.

"पण पहिल्या ओळीचं टोक माझ्या मुठीत! तो धावतोय, पांघरूण उसवतंय. चौकात गाठला, तोच धागा गळ्याभोवती टाकून आवळला. डोळे बाहेर, जीभ बाहेर! धागा तुटला म्हणून वाचला. रक्ताने भिजलेली लोकर आजारी लेकरांना कशी द्यायची, बाई? जाळली."

शिंपीणबाईंचा हात हळूच मागे गेला. आत्याबाईंनी किल्ली चाचपली, पदर सारखा केला.

खिडकीपाशी बसलेल्या भावजयीने सुया मांडीवर ठेवल्या.

"वन्सं, पहिल्या ओळीकडून ओढलं तर विणकाम उसवत नाही, घट्ट बसतं. उसवतं ते शेवटाकडून. चोर मात्र खरा आहे हं. तो बघा, हिरवा स्वेटर घालून टेम्पोत खोकी चढवतोय. या ना हो आत, जावईबापू, सासूबाई तुमचीच गोष्ट सांगताहेत!"