कापलेली हिरवी वायर

रूपचंद चोपडा गावच्या एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा. १९९३ च्या मार्चमध्ये, लग्नसराई तोंडावर असताना, त्याच्या वाद्याचे निम्मे सूर मुके झाले. त्याने ते जळगावला पितांबरच्या दुरुस्तीच्या दुकानात आणलं. पितांबरने उघडून पाहिलं तर आतली एक चिप, आयसी, जळून गेलेली. त्याने मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, हे जपानी मॉडेल केव्हाच बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत.

"आता तसाच दुसरा बंद पडलेला शोधायचा," पितांबर म्हणाला. "त्यातली काढून यात टाकू."

"कौतिककडे होता की. त्याची बायको बोदवडला भावाकडे राहते. तिच्याकडे पडून असेल."

कौतिक पितांबरचं जुनं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात वाजवता वाजवता, माइक हातात घेऊन तो कोसळला तो उठलाच नाही. बत्तीस वर्षांचा माणूस. हृदय बंद पडलं, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पितांबर पॅसेंजरने बोदवडला गेला. सुनंदाबाईंनी मागच्या खोलीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं वाद्य आणून ओट्यावर ठेवलं.

"न्या. मला काय करायचंय? सासऱ्यांनी तर तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मला इथं पोचवलं. म्हणे, हिच्या पायगुणानं पोरगा गेला."

आयसी धड आहे का पाहायला पितांबरने स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं, आणि त्याचा हात थांबला.

आतला ट्रान्सफॉर्मर त्यानेच बसवलेला होता. मूळचा जपानी, आपल्या विजेवर जळलेला, म्हणून त्याने जळगावात मिळाला तो, जरा मोठा, दाबून बसवला होता. झाकणाखाली चेपलेली त्याची वायर हादऱ्यांनी सोलली गेली होती, आणि तांबं जिथं पत्र्याला टेकलं होतं तिथं काळा डाग पडला होता. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर कापून तिच्या टोकाला टेप गुंडाळलेली होती. तीही त्यानेच कापली होती.

झाकण लावून, आयसी खिशात टाकून निघून जाणं सोपं होतं. तो तसाच बसून राहिला.

"काय झालं भाऊ?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"ताई, कौतिकभाऊंचं हृदय आपोआप बंद पडलं नाही. त्यांना यातून शॉक लागला. एक हात याच्या पत्र्यावर, दुसऱ्या हातात माइक, करंट छातीतून गेला." त्याने काळ्या डागावर बोट ठेवलं. "ही दुरुस्ती माझी आहे."

त्या खाली बसल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आईशप्पथ नाही. आज दिसलं."

"मग वायर कापली कशाला?"

"स्पीकरमधून घूं घूं आवाज यायचा. त्यांना तो खपत नव्हता. वायर कापली की आवाज जातो."

"एवढ्याशा आवाजासाठी?" त्या वाद्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला सांगून भागणार नाही. माझ्या सासऱ्यांसमोर सांगा. मीही येते."

सासरे, जीवराम आबा, धुळ्याजवळच्या खेड्यात राहायचे. दोघं एस.टी.ने पोचले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसले होते. सुनेला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. पितांबरने उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "पोलिसात द्यायचं तर द्या. मी नाही म्हणणार नाही."

म्हातारा बाजेवरून उठला. मग सुनेकडे वळला.

"मना पोर गया, आन मी बठ्ठा दोस तुले दिधा. पोरी, घरमा चाल. तुनंच घर शे."

"नाही आबा," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी राहायला आले नाही. तुम्ही हे ऐकताना मला बघायचं होतं."

आणि त्या बसस्टँडकडे चालू लागल्या. आबांनी रस्त्याकडे बोट दाखवत पितांबरला एवढंच सांगितलं, "तू निंघ आठून."

ती आयसी पितांबरने काढली नाही. रूपचंदचं वाद्य त्याने तसंच परत दिलं आणि का ते सांगितलं. आठवडाभरात बाजारात सगळ्यांना कळलं. दुकानाची पायरी चढणारे कमी झाले.

पण त्याला झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच कारणाने. घूं घूं घालवायला त्याने अशा आणखी अकरा वाद्यांच्या वायरी कापल्या होत्या. आठवून आठवून त्याने नावं कागदावर लिहिली आणि हत्यारांची पिशवी घेऊन गावोगाव फिरला. पहूरला एका वादकाने त्याला अंगणातून हाकलून दिलं. तीन चकरा मारल्यावर वाद्याला हात लावू दिला. वायर जोडली की आवाज परत यायचा. वादक कुरकुरायचे. "राहू द्या," तो म्हणायचा, "आवाज राहू द्या."

मे अखेरपर्यंत नऊ वाद्यं झाली. उरलेली दोन विकली गेली होती. एक इंदूरकडच्या पार्टीला, दुसरं कोणाला ते विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं. पितांबर इंदूरला जाऊन चार दिवस वाद्यांच्या दुकानांतून विचारत हिंडला. कोणीच काही सांगू शकलं नाही. तो परत आला, तेव्हा जळगावात भर दुपारी एक वरात चालली होती आणि तिच्या ढकलगाडीवर कोणीतरी सिंथेसायझर वाजवत होतं. ते वाद्य पितांबरच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. तरी वरात वळणाआड जाईपर्यंत तो वाजवणाऱ्याच्या हातांकडे बघत उन्हात उभा राहिला.