कोरड्या डोळ्यांची नवरी

आमच्या कालव्याकाठच्या गावात कुणाला सर्दी झाली की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "आज फू वैद्य हवे होते!" ते माझे सासरे. हल्लीचा डॉक्टर नाकात दिवा घालून बघतो आणि गोळ्या देऊन मोकळा होतो. सासरे आधी विचारायचे, "पाण्यासारखं येतं की घट्ट? पांढरं की पिवळं? पहाटे जास्त की जेवल्यावर?" लोक वैतागायचे. "अहो वैद्यबुवा, शेंबूडच तो! त्याची काय पत्रिका मांडताय?"

हसा खुशाल. पण त्या नाकापायी माझा संसार बुडायची वेळ आली होती.

माझ्या लग्नाच्या तोंडावर माझी आई गेली. आई गेली की मुलीनं तीन वर्षं लग्न करायचं नाही, अशी तेव्हा रीत. एवढं थांबतंय कोण? माझ्या बापानं बातमीच दाबली. माहेर डोंगरापलीकडं, नवरीची आई काही सासरच्या पंगतीला येत नाही, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. नवरीच्या बोटीत बसवताना बाप कानाशी लागून म्हणाला, "रडायचं नाही. एकदा सुरू झालीस की तोंडातून सगळं बाहेर पडेल, मग हीच बोट तुला परत आणून टाकेल."

आता आमच्याकडं नवरीनं बोटीत बसताना हंबरडा फोडायलाच हवा. मी आले ती कोरड्या डोळ्यांनी. सासूनं पहिल्याच दिवशी सुनावलं, "आईला सोडून आली नि डोळ्यांत टिपूस नाही! दगड आणलाय आपण घरात."

चार दिवसांत माझं नाक बंद झालं. वासच गेला. सासूनं मडक्यात माठाच्या भाजीचे देठ खायला म्हणून कुजवत घातलेले असायचे, त्यांची घाण पलीकडच्या काठापर्यंत जायची, पण मला काही नाही. भात करपून कोळसा झाला तरी मी आपली चुलीपुढं बसलेली. "नाक आहे की नुसता दागिना?" सासू विचारायची. नवरा बिचारा करपलेला भात मुकाट्यानं गिळायचा.

सासऱ्यांना वाटलं, बोटीतला गार वारा बाधला. त्यांनी शिनयीच्या झाडाच्या, नाक मोकळं करणाऱ्या केसाळ कळ्या फडक्यात बांधून उकळल्या, नाहीतर त्यांची लव घशाला टोचते. काढा कडूजहर. उपयोग शून्य. मग म्हणाले, उष्णता असेल, आणि शेवंतीची फुलं नि पुदिना सुरू केला. नाक ढिम्म.

एके दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. जीभ पाहिली. मनगटावर तीन बोटं ठेवली आणि अंगठ्याजवळचं, फुफ्फुसांची नाडी बघणारं बोट कितीतरी वेळ हलवलंच नाही.

"पहाटे जास्त कोंदतं ना?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"इथं आल्यापासून."

"हं. नाक म्हणजे फुफ्फुसांचं दार, पोरी. आणि फुफ्फुसात दुःख राहतं. वारा बाहेरून दार लावतो तेव्हा माझ्या कळ्या ते उघडतात. तुझ्या दाराला आतून कडी आहे. तू बोटीतून कोरडी उतरलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोण गेलं?"

सासू मागं भांडी घासत होती. तिचा हात थांबला. मला बापाचे शब्द आठवले, दारापुढं कालव्यात बांधलेली बोट दिसली. "कोणी नाही" म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझी आई गेली."

मग जे रडले! "मला परत पाठवू नका" एवढंच परत परत म्हणत होते. सासू उठून आत गेली. मला वाटलं, झालं, माझी पेटी बांधायला गेली.

ती आली पांढरी लोकर घेऊन. माझ्या शेजारी फतकल मारून बसली, लोकरीचं फूल वळलं आणि आईच्या सुतकाचं म्हणून माझ्या केसांत खोचलं. तोंडाचा पट्टा चालूच. "भवाने, बोलायचं नाही होय? मी मेली तुला दगड म्हणत बसले! तुझ्या बापाला मी नंतर बघते. आणि तुम्ही हो, वैद्यबुवा, पोरीची आई गेलीय नि तुम्ही कळ्या उकळताय! रड गं तू. कुणी कुठं पाठवत नाही तुला."

दोन-तीन दिवसांनी नाक सुटलं. पहिला वास आला तो त्या कुजक्या देठांचा. वाटलं, देवा, बंद होतं तेच बरं होतं!

सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सासू गेल्या हिवाळ्यात गेली. अख्खी गल्ली ऐकेल अशी मी रडले. नाक एक दिवसही बंद झालं नाही. तिच्या पेटीत तीच लोकर सापडली, जुनी, पिवळी पडलेली. तिच्या सुतकाचं फूल मी त्यातूनच माझ्या हातानं वळलं.