कुशसाठी टाकलेला शब्द

नीनाला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मुलगा ब्रिस्टलला इंजिनिअरिंगला गेला. तिथे क्रिकेट होतं, बॅडमिंटन होतं, साधा सरळ फुटबॉल होता. ते सगळं सोडून ह्या पठ्ठ्यानं इंग्लंडात राहून अमेरिकेचा खेळ शोधून काढला. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर उशा बांधल्यासारखे पॅड, आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी आडदांड पोरं. मराठी मंडळाच्या गणपतीत वॉटफर्डच्या सुचेतानं विचारलं, "कुश काय खेळतो गं हल्ली?" तर नीना नुसतं "फुटबॉल" म्हणाली आणि तिनं आणखी काही विचारायच्या आत प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

कुश रिसीव्हर होता. म्हणजे मधला एक जण लांबून चेंडू फेकणार, आणि कुशनं जीव तोडून पुढे पळत जाऊन तो वरच्यावर झेलायचा. एवढं नीनाला समजलं होतं. त्याहून महत्त्वाचं तिला हे समजलं होतं, की त्याला खेळायला फारसं मिळतच नाही. त्याच्या जागेवर बेन नावाचा एक उंच मुलगा होता. बेन दमला, किंवा टीम भरपूर पुढे असली, की मग कुशला आत पाठवायचे. पहिली दोन वर्षं नीनाला ह्याचं फार बरं वाटायचं. रविवारी संध्याकाळी फोन यायचा, "आई, आज ओन्ली दोन वेळा आत गेलो," की ती वरवर "अरेरे" म्हणायची आणि मनातल्या मनात देवाला हात जोडायची. आईच ती. बाहेर बसलेल्या मुलाचं हाड मोडत नाही, एवढा साधा विचार.

पण तिसऱ्या वर्षी, २००६च्या ख्रिसमसला, कुश मेडनहेडला घरी आला आणि तिचं मन फिरलं. पोरगं उजाडायच्या आत उठून थेम्सच्या काठानं पळायला जायचं. दुपारी मागच्या गार्डनमध्ये बापाला, मिलिंदला, चेंडू फेकायला लावायचं. मिलिंद बिचारा सॉफ्टवेअरचा माणूस, त्याचे निम्मे चेंडू शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडे. तरी कुश प्रत्येकासाठी चिखलात अंग झोकून द्यायचा. एकदा धुतलेले कपडे ठेवायला नीना वर गेली, तर तो लॅपटॉपवर बेनच्या खेळाचा व्हिडिओ बघत बसला होता. पुढे, मागे, परत पुढे.

"अरे, बघ की दुसरं काहीतरी," ती म्हणाली.

"आई, हे लास्ट इयर आहे." त्यानं मान वर केली नाही. "मग जॉब. मग कोण खेळणार? मला एक फुल मॅच खेळायचा आहे. स्टार्ट टू फिनिश. एकच."

त्याच्या आवाजात लहानपणी सायकल मागतानाचा हट्ट नव्हता. आपल्याला मिळणार नाही हे माहीत असलेल्या माणसाचा तो आवाज होता. दोन वर्षं आपण देवाकडे काय मागत होतो, ह्याची तिला लाज वाटली.

खाली येऊन ती मिलिंदला म्हणाली, "मी त्याच्या कोचशी बोलते."

"वेड लागलंय का? एकवीस वर्षांचा घोडा झालाय तो. इथे असं कुणी आईवडील जाऊन सांगत नाही."

"न सांगायला काय झालं? नाशिकला आईनं बाईंकडे शब्द टाकला नसता, तर गॅदरिंगच्या नाचात मी शेवटच्या रांगेतच राहिले असते."

"ती शाळा होती, नीना."

पण नीनाला एकदा वाटलं की वाटलं. आपल्याकडे कुणाकडे तरी शब्द टाकल्याशिवाय पान हलत नाही, आणि शब्द टाकायचा म्हणजे रिकाम्या हाती जायचं नाही, हे ती लहानपणापासून पाहत आलेली. जानेवारीच्या शेवटी रविवारी ब्रिस्टलला मॅच होती. मिलिंद ऑफिसच्या कामात अडकलेला. तिनं आदल्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला आणि एकटीनं एमफोर हायवेवरून गाडी हाणत ती ब्रिस्टलला पोचली.

मैदानावर वारा असा, की कान तुटून पडतील. पहिल्या हाफमध्ये कुश थोडाच वेळ आत होता. दुसऱ्या हाफमध्ये बेन लंगडत बाहेर आला, मग कुश गेला आणि एक चेंडू त्यानं झेलला. नीनानं टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला कुणी वाजवत नव्हतं, कारण त्याआधी शिट्टी वाजून खेळ थांबलेला होता. तिला त्याचं काही नाही.

मॅच संपली. पोरं कपडे बदलायला गेली, आणि कोच डेव्ह मैदानावरचे प्लास्टिकचे शंकू गोळा करायला लागला. पन्नाशीचा, गोलमटोल, आठवडाभर लोकांची किचनं बसवणारा आणि रविवारी फुकट कोचिंग करणारा भला माणूस. नीना डबा घेऊन त्याच्याकडे गेली, कुशची आई म्हणून ओळख करून दिली. डेव्हनं वडी घेतली, खाल्ली, छान आहे म्हणाला, आणखी एक घेतली. मग नीनानं शब्द टाकला. मुलगा फार कष्ट करतो, त्याला जरा जास्त वेळ खेळायला द्या.

डेव्ह हसला. "चांगला मुलगा आहे तो. बघू या."

वीस वर्षं ह्या देशात काढल्यावर नीनाला एक कळत होतं. इथे 'बघू या' म्हणजे नाही. खरं तर डेव्हच्या मनात नकार नव्हताच, पण ते तिला कसं कळणार? तिला वाटलं, आपला शब्द हलका पडला, जरा वजन घालायला हवं. आणि वजन घालायची आपली एक रीत असते. मंडळात कुणाच्या पोराला बक्षीस मिळालं, की त्याची आई आधी त्याच्या काविळीपासून सुरुवात करते. किती आजारी होता, डॉक्टरांनी कसे हात टेकले होते, आणि आज बघा. ऐकणारे म्हणतात, वा, काय जिद्द आहे. नीनानं तेच केलं, अगदी मनापासून केलं.

"तुम्हाला माहीत नाही, हा मुलगा कशातून वर आलाय," ती म्हणाली. "अकरा वर्षांचा होता, शाळेच्या मैदानात धावता धावता कोसळला. शुद्ध हरपली. ॲम्ब्युलन्स बोलवली. हृदयाचे ठोके बरोबर नाहीत म्हणाले, तीन वर्षं हॉस्पिटलच्या चकरा. मला तर वाटलं होतं, हा कधी पळूच शकणार नाही. आणि आज बघा कसा पळतो."

डेव्हनं हातातली वडी डब्यात परत ठेवली.

"धावताना कोसळला? हृदयामुळे?"

"हो ना," नीना अजून अभिमानातच होती.

"मग पुढे? डॉक्टरांनी पूर्ण बरा आहे म्हणून सांगितलं?"

"म्हणजे... मग आम्हीच जायचं बंद केलं. काही होत नव्हतं म्हणून."

डेव्हनं काखेतले शंकू खाली ठेवले. मग त्यानं फार मऊ आवाजात सांगितलं, की सीझनच्या सुरुवातीला तो प्रत्येकाला हेच विचारतो, आणि कुश नाही म्हणाला होता. आता त्याला हे कळलंय, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरनं तपासून ठीक म्हणेपर्यंत तो कुशला मैदानात उतरवू शकत नाही. नीनाच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही नाही, तसं काही नव्हतं, मी जरा वाढवून सांगितलं," ती घाईघाईनं म्हणाली. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

"मिसेस कर्णिक," डेव्ह म्हणाला, "बेनचा गुडघा आज गेला. राहिलेल्या तिन्ही मॅच कुशच खेळणार होता. मी मघाशीच त्याला सांगितलं. तुम्हाला त्यानंच सांगावं, म्हणून मी बोललो नाही."

तेवढ्यात कुश आलाच. केस ओले, गाल लाल, खांद्यावर बॅग. इतका आनंदात तो नीनाला कितीतरी वर्षांत दिसला नव्हता.

"आई, कोचनी सांगितलं तुला? नेक्स्ट वीक मी स्टार्ट करतो."

डेव्हनं त्याला बाजूला नेलं. नीनाला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. कुश हात हलवून काहीतरी सांगत होता, मग त्याचे हात खाली पडले. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू घाबरलीस, म्हणून सांगितलंस ना? तुला पहिल्यापासून नको होता मी खेळलेला. झालं तुझ्या मनासारखं."

नीनानं तोंड उघडलं. पण सांगणार काय? की तुझ्यासाठी भीक मागायला आले होते, नारळाच्या वड्या घेऊन? टीममधली चार पोरं तिथे उभी होती. आईनं येऊन कोचकडे वशिला लावला, हे ऐकून तो आणखीच मेल्याहून मेला असता. त्यापेक्षा आपल्यावर रागावलेला बरा, असं तिला वाटलं आणि ती गप्प बसली. कुश तिच्या गाडीत बसला नाही. मित्रांबरोबर चालत निघून गेला.

त्यानंतर नीनानं आकाशपाताळ एक केलं. रेडिंगचा खाजगी हार्ट स्पेशालिस्ट गाठला. तो म्हणाला, आधी टेस्ट. टेस्ट झाल्या, तर म्हणे लहानपणीचे रिपोर्ट पाहिजेत. ते मिळाले, तोवर फेब्रुवारीची शाळांची सुट्टी लागली आणि डॉक्टरसाहेब मुलाबाळांना घेऊन स्कीइंगला गेले. इकडे एक मॅच गेली, दुसरी गेली. कुश फोनवर मिलिंदशी बोलायचा. नीनानं फोन घेतला, की "हाय आई, ओके आहे, परत दे बाबाला."

शेवटच्या मॅचला ती कुणाला न सांगता गेली आणि लांब पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी राहिली. कुशच्या जागी पहिल्या वर्षाचा एक काटकुळा पोरगा खेळत होता. त्याच्या हातातून चेंडू सुटला, थोड्या वेळानं परत सुटला. दर वेळी तो बाहेर आला, की कोट घालून रेषेवर उभा असलेला कुश त्याच्या पाठीवर थाप मारायचा, हातांनी काहीतरी करून दाखवायचा, हेल्मेट नीट करून द्यायचा. नीनाला वाटलं होतं, तो रडत असेल, नाहीतर आलाच नसेल. त्याला असं दुसऱ्याला शिकवताना पाहून तिच्याच्यानं बघवेना. ती मॅच संपायच्या आत निघाली.

मार्चमध्ये डॉक्टरनं बोलावलं. कुश ब्रिस्टलहून ट्रेननं रेडिंगला आला, नीना मेडनहेडहून. डॉक्टरनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि सांगितलं, हृदय उत्तम आहे. लहानपणी ते नुसतंच चक्कर येऊन पडणं होतं, वाढीच्या वयात होतं काही मुलांना. ह्यानं मॅरेथॉन पळावी, खुशाल पळावी. नीनाला तिथेच हुंदका आला. इतक्या दिवसांत जे मनात येऊ दिलं नव्हतं, ते सगळं एकदम बाहेर पडलं. आपलं पोर धडधाकट आहे. कुश उठला, थँक यू म्हणाला आणि तिच्यासाठी दार उघडून उभा राहिला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आता तरी खेळू देतील ना रे?"

"सीझन संपला, आई. मी पण संपलो. जुलैत जॉब सुरू." मग शब्द जुळवत तो म्हणाला, "लिसन. मी तुला खूप वाईट बोललो. तू घाबरली होतीस. आई आहेस, घाबरणारच. इट्स ओके. मी नाही रागावलो आता."

पोरानं माफ केलं होतं. गप्प बसली असती तर तिथेच मिटलं असतं, आणि दुसरी कुणी बसलीही असती. पण जे केलंच नाही त्याची माफी नीनाच्या गळ्याखाली उतरेना.

"मी घाबरून नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी त्यांच्याकडे गेले होते ते तुला जास्त खेळायला द्या म्हणून. ते नुसतंच बघू म्हणाले. मग मला वाटलं, लहानपणी तू काय काय सोसलंस ते सांगितलं, तर त्यांना तुझी किंमत कळेल. तू एक पूर्ण मॅच खेळावीस, एवढंच माझ्या मनात होतं रे."

ती वाट बघत होती, की आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. आई आपल्या विरुद्ध होती, ह्या एका गोष्टीवर त्यानं ते सगळे रविवार रेषेवर उभं राहून काढले होते, आणि ती गोष्टही आता खोटी ठरली. त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्यानं रडायला लागला, आतापर्यंत एकदाही न रडलेला. नीना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तीही रडली.

"मी चांगला आहे, आई," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "बेनपेक्षा पण चांगला. खरंच. तू बघायला पाहिजे होतं."

"हो रे राजा," नीना म्हणाली.

बघायला आता मॅच उरली नव्हती. ती कुणी घालवली, हे गाडीत बसलेल्या दोघांनाही माहीत होतं.