एकाच सहीची जागा

ही शांतता वेदिकेच्या ओळखीची होती. फक्त आजवर ती या शांततेच्या दुसऱ्या बाजूला उभी असे.

मिहानमधल्या विमानदुरुस्तीच्या कारखान्यात ती धातूच्या भागांची तपासणी करी. भागावर जेल लावायचे, ध्वनिलहरींचे यंत्र त्यावरून सावकाश फिरवायचे. आत कुठे तडा असला की पडद्यावरच्या सपाट रेषेला एकाएकी टोक फुटते. टोक फुटले की तपासणारा बोलता बोलता गप्प होतो. त्याचा हात आहे तिथेच राहतो, श्वास बारीक होतो, आणि शेजारी उभा असलेल्याला न सांगता कळते की काहीतरी सापडले आहे. आता तिच्याच पोटावर तसेच थंड जेल होते. टाइप करणाऱ्या मुलीला इतका वेळ एका सुरात ‘मेंदू ठीक, मणका ठीक, हृदयाचे चारही कप्पे ठीक’ असे सांगत आलेले सोनोग्राफीचे डॉक्टर मिनिटभर काहीच बोलले नव्हते. मुलीची बोटे कीबोर्डवर अधांतरी होती.

“काय आहे?” वेदिकेने विचारले.

“बाळाने तोंड फिरवलंय. थोडं थांबू.”

“तुम्ही थांबलात ते बाळामुळे नाही, डॉक्टर. मीही हेच काम करते. लोखंडावर.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. मग पडदा तिच्याकडे वळवला. “वरचा ओठ. डाव्या बाजूने जुळलेला नाही. टाळूचं आज नक्की सांगता येणार नाही. बाकी सगळं व्यवस्थित आहे. जन्मानंतर तीनेक महिन्यांनी शस्त्रक्रिया करून ओठ शिवतात.”

करड्या धुक्यातून एक चेहरा वर आला. नाकाखाली, जिथे रेष अखंड असायला हवी, तिथे अंधाराचा एक बारीकसा काप होता. आपण हे पाहिलेच नसते तर बरे झाले असते, असे एक क्षण तिला वाटले. तो क्षण तिने नाकारला नाही. आपल्या नावावर तसाच ठेवून घेतला. तेवढ्यात त्या चेहऱ्याने तोंड उघडले आणि घोट घेतला. त्या अपुऱ्या ओठाने बाळ गर्भातले पाणी पीत होते, कुणाचीही परवानगी न घेता.

नंदनवनातल्या घरी रिपोर्ट सासऱ्यांनी, मनोहररावांनी वाचला. उमरेडच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षे त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर त्या सह्यांचे राज्य घरात आणले होते. इंग्रजी शब्दांवर बोट ठेवत ते तळाच्या सहीपर्यंत पोहोचले, तेव्हा सासूबाई प्रेमिला यांना आणखी काही ऐकायचे उरले नव्हते.

“तवाच म्हणलं होतं मी! ग्रहणाच्या दिवशी घरात बस म्हणलं. दुपारपासून वेध लागले होते. पोटुशी बाई सुईसुद्धा हातात धरत नाही, आन् हे बया लोखंड तपासून राहिली होती!”

उत्तर वेदिकेच्या जिभेच्या टोकावर होते. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. सप्टेंबरातले ग्रहण लागले तेव्हा तिला दहावा आठवडा चालू होता. चंद्राला सावली लागण्याआधीच जे व्हायचे ते होऊन गेले होते. पण आपण निर्दोष आहोत हे सांगायला आधी आरोपीच्या जागी जाऊन उभे राहावे लागते, आणि त्या जागी जायची तिची तयारी नव्हती.

“हो आई, होतं लोखंड हातात,” ती म्हणाली. “विमानाच्या चाकाचा दांडा होता. मी तपासून पास केला. ते विमान अजून उडून राहिलं आहे.”

“पाह्यलं? जीभ पाह्यली इची?”

“भांडू नका गा तुम्ही,” मनोहररावांनी चष्मा काढला. “वीस आठवड्यांच्या आत मोकळं होता येते. पाच दिवस आहेत. सक्करदऱ्याच्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत आपल्या. उद्या अकराची वेळ घेतली मी.”

“कोणाची वेळ घेतली, बाबा?”

“तुझीच ना वं! माझी घेऊ का?”

ती नवऱ्याकडे वळली. जितेंद्रचे सीताबर्डीत मोबाइलचे दुकान होते; ग्राहकाला दोन वस्तूंमधला फरक तासभर समजावून सांगणारा हा माणूस आता फोनमध्ये डोके घालून बसला होता. पडद्यावर शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे असे जोडीजोडीने चेहरे होते. तो फक्त आधीचेच मोठे करून पाहत होता.

“नंतरचे पण पाह्य ना,” ती हळूच म्हणाली.

“मले काही सुचून नाही राहिलं, वेदिका. बाबा म्हणतात ते…”

“बाबा काय म्हणतात ते मी आत्ताच ऐकलं.”

तिने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. “उद्या येते मी,” ती म्हणाली, आणि घरभर सुटकेचा एक श्वास पसरला. नकार द्यायचा तर तो बैठकीतल्या सोफ्यावर नव्हे, जिथे नोंद होते तिथे द्यावा, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ होता. तो कुणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी चौघेही डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेल्या त्या बाई कमी बोलत. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि टेबलावर गर्भपाताच्या संमतीचा कागद ठेवला, वेदिकेच्या बाजूला तोंड करून. मनोहररावांनी खिशातला स्वतःचा पेन काढला, टोपण उघडले आणि कागद आपल्याकडे फिरवला.

“माझी सही कुठं करू?”

“तुमची लागत नाही.”

“मंजे? घरातला मोठा आहो मी.”

“असाल. पण सही यांची एकटीची.”

“मंग नवऱ्याची?”

“नवऱ्याचीही नाही.”

मनोहररावांनी कागद उलटा करून पाहिला. “पाठीमागं असन एखाद्या वक्ती,” ते पुटपुटले. मागची बाजू कोरी होती. पेन बंद करून त्यांनी तो जपून खिशाला लावला, आणि आपले हात आता कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“आणि दुसरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नुसता ओठ जुळलेला नाही, हे माझ्या लेखी पुरेसं कारण नाही. यांच्या मनावर भयंकर ताण येत असेल, तर त्याचा विचार करता येतो. पण तो ताण यांनी स्वतः सांगायला हवा.”

“आहे ना ताण!” प्रेमिला पुढे सरकल्या. “रातभर कूस बदलून राहिली होती ते. लिहा तुम्ही.”

“आहे ताण,” वेदिका म्हणाली. “पण तो पोटात नाही, डॉक्टर. या तीन खुर्च्यांवर बसला आहे.”

जितेंद्रने मान खाली घातली. प्रेमिलांच्या चेहऱ्यावरचा संताप क्षणभर तसाच राहिला, आणि मग त्याखालून दुसरेच काहीतरी वर आले, जुने, पुरून ठेवलेले.

“बोल. बोलून घे तू. आन् पोरगी असली तं? शाळेतले पोट्टे कसे चिडवतात, मालूम आहे तुले? मले आहे. माझ्या बहिणीचं, ताराचं पाह्यलं मी. नाकापर्यंत फाटलेला होता तिचा ओठ. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसे पोरगी. माझ्या लग्नात तिले मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. दुसऱ्या साली तापानं गेली. पोरगी गेल्यावरबी आमच्या मायले लोकांनी सोडलं नाही. इनं ग्रहणात विळा धरला म्हणत.”

चार वर्षांच्या संसारात वेदिकेने हे नाव कधी ऐकले नव्हते. मनोहररावांनाही त्या ओठाचे माहीत नसावे, कारण ते खुर्चीत अर्धे वळले होते.

“तुझी बहीण तापानं गेली एवढंच सांगतलं तुम्ही लोकांनी. मंजे हे तुमच्या घराण्यातलं आहे! छत्तीस वर्षं झाली, प्रेमिला, आन् तू मले…”

प्रेमिलांनी नकळत पदर तोंडावर घेतला.

दोष कुणाकडून आला हे आता सांगायची गरजच उरली नव्हती. काल जो आठवड्यांचा हिशेब वेदिकेने ओठांआड ठेवला, त्याच्याहून पक्की सुटका समोर आयती येऊन पडली होती. ती नुसती गप्प राहिली तरी आरोपाची खुर्ची आपोआप सासूखाली सरकणार होती. तिला त्या मागच्या खोलीचे दार दिसले, बाहेरून लावलेले. सनईचा आवाज त्या दारातूनही आत गेलाच असेल.

“बाबा, त्यांना काही म्हणू नका,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “एक अक्षर नाही. कुणाच्या रक्तातून आलं, कुणाच्या हातात काय होतं, हे इथून पुढे माझ्यासमोर निघणार नाही. आई, तारामावशीला ओठ शिवायला कोणी नेलं नाही. दाराले कडी मात्र लावली. मी माझ्या लेकराचा ओठ शिवून आणीन. आन् शिवायच्या आधी त्याला दारात घेऊन बसीन, उघड्या तोंडानं. ज्याले पाहायचं त्यानं पाहावं.”

प्रेमिलांचा पदर अजून तोंडावरच होता, पण त्या आता वेदिकेकडे पाहत होत्या; त्या नजरेत राग होता की आणखी काही, हे वेदिकेला समजले नाही, आणि ते समजेपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता.

“डॉक्टर, नाही म्हणायचं असेल तर सही कुठे करायची?”

“त्याला सही लागत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उठून गेलं तरी चालतं.”

“मग ओठ शिवणाऱ्या चांगल्या सर्जनचं नाव द्या.”

बाईंनी चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहिला. “आज दोनपर्यंत असतात. आत्ताच भेटून घ्या. दूध कसं पाजायचं, कोणती बाटली लागते, सगळं सांगतील. टाळूही फाटलेली निघाली तर रस्ता लांबचा आहे, हेही ऐकून घ्या.”

“ऐकीन.”

ती उठली. बिनसहीचा कागद टेबलावर तसाच राहिला. बाहेरच्या बाकांवर पोटावर हात ठेवून बसलेल्या बायांनी पाय आवरून तिला वाट दिली. ती जिन्यापाशी पोहोचली तेव्हा मागून घाईची पावले आली.

“वेदिका! अवं, थांब ना!”

जितेंद्र दोन पावलांवर उभा होता. खोलीचे दार त्याच्यामागे अर्धवट उघडे होते आणि त्यातून मनोहररावांची हाक येत होती. त्याने एकदा त्या दाराकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. त्याचा चेहरा रात्रीत ओढला गेला होता. काहीतरी म्हणायला त्याचे ओठ दोनदा जुळले आणि सुटले.

“मी येऊ का सोबत?”

तो मनापासून विचारत होता, हे तिला दिसत होते. तो येत नव्हता, विचारत होता, हेही दिसत होते. चार वर्षे या माणसाला तिने कशाकशाची परवानगी दिली होती: उशिरा यायची, गप्प बसायची, बापाच्या आड उभे राहायची. ही एक देता येण्यासारखी नव्हती; ही त्याने स्वतःच घ्यायची होती. खाली रस्त्यावर उन्हात संत्र्यांचा एक हातठेला चालला होता, आणि ऑटोवाले सवारीसाठी ओरडत होते.

तिने चिठ्ठी मुठीत घट्ट धरली, कठड्यावर हात ठेवला आणि पायऱ्या उतरू लागली.