नुसती टेकेपर्यंत

लोवेलनं रायफलीतून बोल्ट, ज्यावाचून ती झाडता येत नाही तो मागचा सरकता तुकडा, ओढून काढला, फडक्यावर ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून मापाचा पोकळ दांडा आत सरकवला. दांड्याच्या टोकाला काडतुसाची रिकामी पुंगळी, तिच्या तोंडात सैल बसवलेली गोळी. मागच्या बारीक काडीनं गोळी पुढं ढकलायची; नळीतल्या आट्यांना ती नुसती टेकली की थांबायचं, स्क्रू आवळायचा, बाहेर काढून लांबी मोजायची. तेवढी त्या रायफलीसाठी घरी भरायच्या काडतुसाची हद्द. नुसती टेकली की थांबायचं. सगळी गोम त्या ‘नुसती’त होती, आणि लोवेलचा हात आता नुसतं काही करत नव्हता. एक तर थरथरायचा, नाहीतर रेटायचा.

“किती?”

त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, लांबी मोजायच्या कॅलिपरची तबकडी उजेडाकडं धरली. “तीन पॉइंट तीनशे एकाहत्तर इंच.”

“मगाशी तीनशे चाळीस म्हणालीस.”

“मगाशी तीनशे चाळीसच होतं.”

“मग तुझे डोळे गेले.”

“माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तू रेटतोयस.”

“जन्मभर हेच करत आलोय, बाई. तू या गॅरेजात कधी आलीस, तर धुण्याचा साबण शोधायला.”

ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरनं वसंतात लोवेलच्या आजाराचं नाव सांगितलं, औषधं लिहून दिली आणि घड्याळ पाहिलं. शिकारीचं विचारलं तर हसला. त्या हसण्याला काय म्हणतात ते आर्डिसला चांगलं माहीत होतं आणि तिथंच तोंडावर सांगायला हवं होतं. पण दारात पुढचा पेशंट उभा होता. त्यानंतर उन्हाळ्यात, इतकी वर्षं अर्ज करकरून, सोडतीत लोवेलचं नाव निघालं. नदीपलीकडच्या डोंगरातल्या एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना. देणाऱ्याला वेळ बरी सापडली.

शनिवारी शेजारचा ट्रॉय त्याला शिकारीला न्यायला गाडी घेऊन येणार होता.

“ट्रॉयकडं काडतुसांचा डबा असतोच,” ती म्हणाली.

“दुकानातली? त्यापेक्षा पेट्रोल पंपावरचं सँडविच फेकून मारीन एल्कला.” लोवेलनं नळीच्या तोंडातून गज घालून अडकलेली गोळी ठोकून काढली. “ऐक. आता तीनदा मोजायचं. तिन्ही वेळा सारखं आलं तर जाईन. नाहीतर ट्रॉयला सांग, येऊ नकोस.”

“हे कुणी ठरवलं?”

“मी.”

त्यानं दांडा आत घातला, काढला, तिच्याकडं दिला. काटा तीनशे बासष्टवर होता.

“तीनशे चाळीस,” आर्डिस म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी काटा आणखी पुढं गेला.

“तीनशे चाळीस.”

मगाशीचं तीनशे चाळीसही रेटूनच आलेलं असेल तर काडतूस लांब होणार, आणि लांब काडतूस म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. गोळी आट्यांत रुतून बसते, दारू पेटली की दाब नको तेवढा चढतो, आणि सगळं मागं तोंडावर येऊ शकतं. जेवणाच्या टेबलावर त्यानं हे इतक्यांदा ऐकवलं होतं की पाहुणेसुद्धा कंटाळायचे. पण तिनं ठरवून टाकलं होतं. शनिवारी ट्रॉयला बाजूला घ्यायचं, त्याच्या दुकानातल्या काडतुसांशी डबे बदलायला लावायचे. ते जमेल. लोवेल खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिला, तर त्याचं काय करायचं ते तिला जमणार नव्हतं.

तिसऱ्या वेळी तो तिच्याकडं पाठ करून रायफलीवर वाकला. बराच वेळ वाकून होता. तो हात बघवेना म्हणून आर्डिसनं मान वळवली. बाहेर पिकअपच्या टपावर कालचं बर्फ होतं.

“घे.”

तिनं कॅलिपर लावला. “तीनशे चाळीस. झालं, तिन्ही सारखे. आता तरी कॉफी घेशील?”

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“या वेळी मी ती नळीत घातलीच नव्हती, आर्डिस.”

तिनं खाली पाहिलं. गोळी पुंगळीत खोल बसलेली होती, अंगठ्यानं दाबावी तशी. काटा तीनशेच्या जवळपासही नव्हता.

हीटर घरघरत होता. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“राहू दे,” लोवेल म्हणाला. “आधीपासूनच तुला धड खोटं बोलता येत नाही. ट्रॉयला मी फोन करतो.”

त्यानं फडक्यावरचा बोल्ट उचलला. पुसला. एका हातात राहीना, म्हणून दोन्ही हातांत धरला आणि तिच्या कोटाच्या खिशात सोडला.

“हा तुझ्याकडं ठेव. कुठं ठेवतेस ते मला सांगू नकोस.”

एवढ्याशा लोखंडानं कोट एका बाजूला ओढला गेला.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

लोवेल कॅलिपर त्याच्या डबीत ठेवत होता. झाकण काही केल्या बसत नव्हतं.